चांदीचं बोंडलं

१

हिम्मतराव झोपेतच गेल्यासारखे गेले, असं अंबरपेठेतले शेजारी म्हणत होते. मुलाचं म्हणणं वेगळं होतं. बापाला झोपेनंच नेलं, आणि ती झोप रेणूनं दिली, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

हे मला रेणूनंच सांगितलं, माझ्या काचीगुड्याच्या घरी, ओल्या तोंडानं. मुलगी रडत दारात आली की मी आधी तिला तोंड धुवायला पाठवते. रडता रडता सांगितलेल्या गोष्टीत निम्मं निसटतं. मी राणी. आधी वॉर्डात, मग नर्सिंग कॉलेजात औषधं शिकवण्यात माझा जन्म गेला. रिटायर झाले तरी माझ्या मुलींना वाटतं, मॅडमकडे गेलं की सगळं निस्तरतं. चढवून ठेवलंय मला, दुसरं काय!

"आता बोल," मी म्हटलं. "पहिल्यापासून. आणि शपथा नकोत."

रेणू तेलुगू घरातली, मराठी बोलते ती रुग्णांकडून शिकलेली. हिम्मतरावांकडे ती दिवसाची नर्स होती. गौलीगुड्यात लोखंडी सामानाचं दुकान चालवलेला दांडगा माणूस, पण फुप्फुसं थकली होती, हात कापायचे. संध्याकाळी निघताना रेणू झोपेची गोळी स्टीलच्या वाटीत काढून ठेवायची. ती द्यायच्या त्यांच्या पत्नी, तारामतीबाई. महिनोन् महिने असंच चाललं होतं.

"मग त्यांना मधेच जाग यायला लागली, मॅडम. एकदा उठले की परत झोपच नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी आली त्या दिवशी मी एकच काढून ठेवली. एकच. आणि अम्माला सांगून निघाले, ही चावू देऊ नका, तोडू नका."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा हिम्मतराव उठत नव्हते. छातीत घरघर लागली होती. दवाखान्यात नेलं, तिथे न्यूमोनिया झाला आणि ते गेले. गुंगी फार चढली होती, एका गोळीची वाटत नाही, असं डॉक्टर बोलून गेले. घरच्यांनी डबा तपासला. नव्या पट्टीतली एकच गोळी कमी होती. पण जुन्या गोळ्यांची उरलेली पट्टी गायब होती.

"म्हणून त्यांचा मुलगा, शिवराजदादा, म्हणतात, तू जुनी आणि नवी दोन्ही ठेवलीस, आणि पट्टी फेकून दिलीस. तेरावं झालं की पोलिसात जाणार. एजन्सीनं मला घरी बसवलंय. मॅडम, एकदा असं नाव खराब झालं की मला कोण ठेवणार? घरात मी एकटी कमावते."

"चुकून ठेवली असशील. माणूस दमतो, हात चुकतो. खरं सांग."

"नाही."

सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. मी तिला कॉलेजात रागवायचे तेव्हाही ती अशीच बघायची, आणि दर वेळी तीच खरी निघायची.

"त्या सकाळी तू काय काय पाहिलंस?"

तिनं श्वास, नाडी, ओठांचा रंग, सगळं शिकवलेल्या क्रमानं सांगितलं. मग थांबली.

"मिशी चिकट होती त्यांची. मी ओल्या कपड्यानं पुसली. उशीवर मुंग्या होत्या, पण त्या रोजच असायच्या. त्यांच्या सूनबाई, मेधाताई, रोज चिडून अभ्रा बदलायच्या."

"रात्री गोड काय खायचे?"

"काहीच नाही. रात्री गोड म्हटलं की तोंड फिरवायचे."

मी चपला घातल्या. गोड न खाणाऱ्या माणसाच्या उशीला रोज मुंग्या कशाला येतील?

२

त्या घरची माझी जुनी ओळख निघाली. तारामतीबाईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

"बाई, तुम्ही त्या दवाखान्यातल्या नव्हं? मेधाच्या बाळंतपणात मला वरडलेल्या?"

ओरडले असेन. ओरडायचंच काम होतं ते. त्यांचा तो नातू, तेजस, आता पुण्याला इंजिनीअरिंगला होता आणि आजोबांसाठी आलेला होता, खाली लोकांना चहा देत. रेणूला मी खाली औषधाच्या दुकानाजवळ थांबायला सांगितलं होतं. शिवराजनं तिला जिना चढायची बंदी केली होती.

शिवराज चटईवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहराच बदलला.

"तुमची विद्यार्थिनी. तुम्ही तिचीच बाजू घेणार."

"ती चुकली असेल तर मीच तुझ्याबरोबर ठाण्यात येईन आणि तुझ्याआधी सही करीन. पण मला आधी एक सांग. गोळी घेतल्यावर तुझ्या वडिलांना झोप कशी लागली?"

"कशी म्हणजे? लागली."

"लवकर की हळूहळू?"

तो आठवत होता. आठवताना त्याचा आवाज उतरला.

"दुकानाचं काहीतरी सांगत होते मला. जुन्या वजनकाट्याचं. आईनं मला बाहेर काढलं, गोळी दिली. मी परत आत गेलो तर गोष्ट पुढं सांगायला लागले आणि वाक्यातच थांबले. मान कलली. मला वाटलं, दमलेत. मी पांघरूण घालून आलो." त्यानं तोंड पुसलं. "त्यांचं शेवटचं बोलणं ते. अर्धंच राहिलं."

मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही.

"शिवराज, झोपेच्या प्रत्येक गोळीला स्वतःची चाल असते. एक येते पटकन आणि जाते पटकन. दुसरी सावकाश चढते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरत नाही. तुझ्या वडिलांना नवी दिली ती दोन थरांची. वरचा थर झोप आणतो, आतला रात्रभर थोडा थोडा सुटतो, म्हणजे मधेच जाग येऊ नये. वाक्य तोडून माणूस आडवा करेल अशी ती गोळी नाही."

"तेच तर म्हणतोय मी! एक नव्हतीच ती!"

चुकीचं बोलत नव्हता तो. माझ्याच विद्येनं मी रेणूभोवतीचा फास आवळला होता.

"आईनं तुला बाहेर का काढलं?"

"रोजच काढायची. गोळी देताना दार लावून घ्यायची. कपडे बदलायचे असतील, मी कधी विचारलं नाही."

३

मेधा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती. सासरे जाऊन पुरते दिवसही झाले नव्हते, पण ऑफिसला त्याचं काय! मूळची पुण्याची, नीटस बाई. हेडफोन काढून तिनं मला बसायला खुर्ची दिली. माझं लक्ष तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे होतं.

"तुझी झोप कशी आहे?" मी विचारलं.

"माझी? ठीक आहे."

"अमेरिकेची कामं करतेस. रात्री मीटिंगा, सकाळी सासऱ्यांचं आवरणं. आणि म्हणे ठीक आहे. बोलताना शब्द शोधतेस, आत्ता पाण्याचा तांब्या हातात असून तो शोधत होतीस. सकाळी डोकं जड असतं ना?"

तिनं लॅपटॉप मिटला. मग उठली, कपड्यांच्या कपाटातून पर्स काढली आणि पर्समधून एक पट्टी. पांढऱ्या छोट्या गोळ्यांची, अर्धी रिकामी.

"सासऱ्यांची गोळी बदलली त्या दुपारीच ही जुनी पट्टी मी घेतली. तशी टाकूनच देणार होते. मला एक रात्र तरी झोपायचं होतं, मॅडम. फक्त झोपायचं होतं." ती रडायला लागली. "नंतर हे सगळं झालं. आता कसं सांगू? शिवराज म्हणेल, पट्टी तुझ्याकडे होती, तर तूच..."

"आणि म्हणून त्या पोरीला पोलिसात जाऊ देत होतीस?"

आवाज चढला माझा. चढायलाच हवा होता. तिनं मान खाली घातली.

"मी सांगणार होते."

"कधी? तिला ठाण्यात बसवल्यावर? आज सांग, माझ्यासमोर. आणि डॉक्टरला न विचारता दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. तुझ्या झोपेचं काम तुझ्या ऑफिसनं बिघडवलंय, ते गोळीनं सुधरायचं नाही."

तिनं नवी पट्टीही दाखवली. एक खळगा रिकामा, बाकी गोळ्या जागच्या जागी, निळ्या.

म्हणजे जुन्या गोळ्या दुपारपासून मेधाच्या पर्समध्ये होत्या. रेणू संध्याकाळी जुनी गोळी ठेवणार कुठून? पोरगी सुटली, असं मला क्षणभर वाटलं. लगेच ध्यानात आलं की सुटली नाही. आता शिवराज म्हणेल, तिनं स्वतःजवळची दिली. पट्टीतून एकच गोळी गेली होती आणि तिनं दोन-तीन गोळ्यांचं काम केलं होतं. हे कसं झालं, ते सांगता आल्याशिवाय मी खाली जाऊन रेणूला तोंड दाखवू शकत नव्हते.

४

तारामतीबाई चहा करत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. शोक असलेल्या घरात ओट्याजवळ बसलं की बायका बोलतात.

सुतकामुळे देव झाकून ठेवले होते. देव्हाऱ्यातली चांदीची समई, निरांजन, सगळं काळं पडलेलं.

"घासणं झालं नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "मालकांच्या आजारपणात कुठलं घासणं न् काय."

तेवढ्यात माझं लक्ष फळीवर गेलं. मधाच्या बाटलीशेजारी एक छोटं चांदीचं भांडं होतं, चोच असलेलं. लहान मुलाला दूध किंवा औषध पाजतात ते बोंडलं. आणि ते लखलखत होतं. चांदी रोज वापरात असली, रोज धुतली-पुसली गेली, तरच अशी राहते. त्याच्या बाजूला हातभर नाही, वीतभर लांबीची सहाण उभी करून ठेवलेली.

मला एकदम आठवलं. हेच बोंडलं मी वॉर्डात जप्त केलं होतं! तेजस दोन दिवसांचा होता आणि या बाई पदराखालून गुटी घेऊन आल्या होत्या. म्हणून तर मी ओरडले होते.

"घरात लहान मूल कोण आहे, तारामतीबाई?"

"कोण असणार? तेजसच काय तो लहान." त्या हसल्यासारख्या झाल्या आणि माझी नजर कुठे आहे ते पाहून थांबल्या.

मी उठून सहाण हातात घेतली, खिडकीशी नेली. मधल्या खोलगट भागात, दगडाच्या खरखरीत बारीक छिद्रांत, फिकट निळा रंग बसला होता. चंदनाला निळा रंग नसतो. हळकुंडाला नसतो, जायफळाला नसतो.

सगळं कळलं आणि ते कळलं नसतं तर बरं, असं मला वाटलं. नातेवाइकांना मरणाची बातमी मी पुष्कळदा दिली आहे. पण हे त्याहून कठीण होतं. या बाईला मी काय सांगू? आणि नाही सांगितलं तर खाली उभी असलेली माझी पोरगी जन्माची बदनाम होणार होती.

"त्यांना गोळी गिळता येत नव्हती ना?" मी हळू विचारलं.

त्यांनी गॅस बंद केला. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"कुणाला सांगू नका, बाई. मालकांनी शपथ घातली होती. घशात अडकायची, ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. मग मी उगाळून द्यायला लागले, मधात, वर दोन घोट दूध. वाटीनं सांडायचं, म्हणून बोंडल्यानं. एवढा मोठा माणूस, दुकानात चार गडी थरथर कापायचे ज्याला! म्हणायचे, तारा, शिवराजला दिसू देऊ नको. म्हणून दार लावायची मी."

"किती दिवस चाललं होतं?"

"पहिली गोळी होती तेव्हापासून. कधी काही झालं नाही. शांत झोपायचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रेणू म्हणाली होती, ही नवी चावू देऊ नका, तोडू नका. मी तोडली नाही हो. चावू पण दिली नाही. गुटीसारखी उगाळली, सगळी, अगदी मऊ होईपर्यंत."

मी सहाण ओट्यावर ठेवली. त्यांनीच विचारलं.

"तुम्ही मघा शिवराजला सांगत होता. दोन थर म्हणून. उगाळल्यावर ते थर..."

"राहत नाहीत," मी म्हटलं. "जुनी गोळी साधी होती. ती उगाळली तरी तेवढीच लागू पडायची. या नव्या गोळीत रात्रभराचं औषध होतं. ते एकदम गेलं. त्यांच्या छातीला ते झेपलं नाही, आणि गुंगीत ते दूध उलटून फुप्फुसात गेलं असणार. तुम्हाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं."

तारामतीबाई खाली बसल्या. आधी रडल्या नाहीत. बोंडल्याकडे बघत राहिल्या.

"तीन लेकरं वाढवली मी याच्यावर," त्या म्हणाल्या. "गुटीनं कुणी मरतं का, बाई?"

५

मी ठरवलं होतं की बाहेर जाऊन मीच सांगायचं, शक्य तितकं मऊ करून. तारामतीबाईंनी मला सांगू दिलं नाही. सहाण आणि बोंडलं उचललं, बाहेर आल्या आणि शिवराजसमोर चटईवर ठेवलं.

"त्या पोरीला वर बोलाव," त्या म्हणाल्या.

"आई, मी सांगितलंय ना..."

"बोलाव म्हणते ना!"

तेजस पळत जाऊन रेणूला घेऊन आला. ती दाराशीच उभी राहिली. मेधानं आपणहून पर्स आणली, पट्टी काढली आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात आईनं हात वर केला.

"तिनं काही केलं नाही. रेणूनंही नाही. एकच गोळी ठेवली होती तिनं. ती मी उगाळली, शिवराज. ह्याच्यावर. आणि ह्यानं पाजली."

त्याला समजायला वेळ लागला. मी थरांचं पुन्हा सांगितलं, मिशीचं, मुंग्यांचं, निळ्या रंगाचं. त्यानं सहाण उचलून बघितली आणि परत ठेवली.

"मला का नाही सांगितलंस? मी नर्सला सांगितलं असतं, डॉक्टरला सांगितलं असतं. पातळ औषध मिळालं असतं!"

"तुझ्या बापाला लाज वाटायची," त्या म्हणाल्या. "लेकासमोर बोंडल्यानं प्यायची."

शिवराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतके दिवस राग करत होता तो माणूस, आता राग ठेवायला त्याला जागाच उरली नव्हती. रडला तो. मोठ्यानं रडला, आणि मलाही आवरलं नाही.

रेणू दारातून आत आली. तारामतीबाईंच्या पायाशी बसली.

"अम्मा, उगाळू नका म्हणायचं मला सुचलंच नाही. मी कधी कुणाला गोळी उगाळताना पाहिलं नव्हतं. चावणं, तोडणं, एवढंच मला माहीत."

"तुला कसं माहीत असणार, बिड्डा," तारामतीबाई म्हणाल्या. हिम्मतराव तिला तिच्या तेलुगूत बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणायचे. हा शब्द ऐकला आणि रेणू कोसळली. मग दोघी एकमेकींना धरून रडत बसल्या.

शिवराजनं तिथेच एजन्सीला फोन लावला. चूक आमच्या घरात झाली, तुमच्या नर्सची नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. फोन ठेवून तो माझ्याजवळ आला.

"आईनं ते गेल्यापासून डोळा मिटलेला नाही. आता तर... डॉक्टरांनी दिलीय तिला एक गोळी. देऊ का आज?"

"आज नको," मी म्हटलं. "त्यांना रडू दे. झोप काय, येईल उद्या-परवा. तू जवळ बस. आणि दार लावून घेऊ नका कुणी."

तो आईजवळ जाऊन बसला. मेधानं गार झालेला चहा पुन्हा तापवायला नेला. मी चपला घालत होते तेव्हा तारामतीबाईंनी रेणूचा हात सोडला नव्हता. त्या घरात आता रुग्ण नव्हता, रेणूला यायचं काही कारणही नव्हतं.

"उद्या येशील का गं?" त्यांनी विचारलं.

रेणूनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"येते, अम्मा," ती म्हणाली.